प्रदर्शन, कापूस आणि माणसांचे ‘नमुने’



प्रदर्शन म्हटले की पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्यापुढे संत्री, कापूस व नवी अवजारे उभी राहतात. परंतु एकोणिसाव्या शतकात प्रदर्शन हे साम्राज्यसत्तेचेही एक साधन होते आणि त्याचे प्रयोग या मुलखाच्या अगदी शेजारी झाले, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही.

१ मे १८५१ रोजी लंडनमध्ये काचेच्या भव्य प्रासादात जागतिक प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. सुमारे साठ लाख भेटींची तेथे नोंद झाली. हिंदुस्थानचा विभाग मांडला तो ईस्ट इंडिया कंपनीने. त्याच प्रदर्शनात, दोनच वर्षांपूर्वी लाहोर दरबाराकडून घेतलेला कोहिनूर पिंजऱ्यात ठेवण्यात आला होता. तो अपेक्षेइतका चमकेना, म्हणून प्रेक्षक हिरमुसले. १८५२ मध्ये तो नव्याने कापविण्यात आला आणि त्याचे वजन १८६ कॅरटवरून १०६ कॅरटच्याही खाली उतरले. जिंकलेली वस्तू जेत्याच्या आवडीस उतरेपर्यंत घासली गेली, एवढाच याचा अर्थ!

इकडे नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निवर्तले. दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा करण्यात आले. सौंसर-पांढुर्णासह छिंदवाड्याचा प्रदेशही त्यातच गेला. राजघराण्याचे जडजवाहीर १८५५ मध्ये कलकत्त्यास लिलावात निघाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर १८६५ मध्ये, नागपूर येथे कला, कारागिरी व शेतमाल यांचे प्रदर्शन भरविण्यात आले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध त्याच वर्षी संपले होते. त्या युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांची कापसावाचून उपासमार झाली होती आणि काळ्या जमिनीच्या या पट्ट्याकडे विलायतेची दृष्टी वळली होती. प्रदर्शनातून रयतेला काहीच लाभ झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि, कोणता माल मोलाचा, हे ठरविण्याचा अधिकार मात्र पिकविणाऱ्याकडे नव्हता.

याहून विदारक प्रसंग पुढच्याच वर्षी घडला. १८६६-६७ च्या जबलपूर प्रदर्शनात धान्य व कापडाबरोबर प्रांतातील आदिवासी माणसे आणण्यात आली. त्यांच्या तपासणीसाठी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल पुढे नागपुरास छापण्यात आला. त्याच्या शीर्षकातच या माणसांना ‘नमुने’ म्हटले आहे. ज्वारीच्या कणसाला लावावा तोच शब्द! ही माणसे येण्यास राजी होती काय, घरी सुखरूप परतली काय, हे त्या शीर्षकावरून कळत नाही. अभ्यासाच्या नावाखाली शासनाने मांडणारा आणि मांडला जाणारा अशी प्रजेची विभागणी केली, आणि सुशिक्षितांना त्यात काही वावगे वाटले नाही.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा ‘अजब बंगला’, १८६३ मध्ये, याच काळात स्थापन झाले. सौंसरहून ते जवळ आहे. शिक्षकबंधूंनी विद्यार्थ्यांना तेथे नेताना वस्तूंखालील पाट्याही वाचून घ्याव्यात: वस्तू कोठली, केव्हाची, कोणी दिली आणि ती घडविणाऱ्याचे नाव तेथे आहे किंवा नाही.