कार्ड गेले, आजार राहिला

(चंद्रपूर येथील भाषणाचा संक्षेप)



२०१३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मोठा गदारोळ उठला होता. नव्या आरोग्य कायद्यामुळे लाखो लोकांच्या चालू विमा पॉलिसी रद्द झाल्या. आपली पॉलिसी आवडत असेल तर ती कायम राहील, असे आश्वासन राष्ट्राध्यक्ष ओबामांनी दिले होते. त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच महिन्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रभर लागू झाली. गडचिरोलीत ती २ जुलै २०१२ पासूनच होती. या स्थित्यंतरात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेची कार्डे निकामी झाली. येथे मात्र कोणी क्षमा मागितली नाही, कारण कोणी जाबच विचारला नाही.

नव्या योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. केशरी शिधापत्रिकाधारक तीत आले. संरक्षण ३० हजारांवरून दीड लाखावर गेले. परंतु संरक्षण किती, याइतकाच ते कोणत्या आजाराला, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. २००८ च्या जुन्या योजनेत ३० रुपये भरून पाच जणांच्या कुटुंबाला रुग्णालयात दाखल होण्याजोग्या सर्वसाधारण आजारांत आधार मिळे. नव्या योजनेत नऊशेहून अधिक ठरावीक उपचारांची यादी आली, आणि भर राहिला हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांवर. हृदयशस्त्रक्रियेची पाळी क्वचित एखाद्या घरावर येते. ताप-जुलाब दर पावसाळ्यात येतात. तेंदूपानाच्या हंगामातली मिळकत या लहान आजारांतच सरते आणि पुढे सावकाराचे दार दिसते. शिवाय मोठ्या उपचारासाठी भामरागडच्या माणसाला नागपूर गाठावे लागते, ते वेगळेच.

२०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने सर्वांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. आकडा वाढला, मूळ प्रश्न तसाच राहिला. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. जुन्या योजनेतील प्रत्येक आजाराची सोय नव्या योजनेत झाल्याखेरीज जुने संरक्षण काढू नये. होणारा बदल ग्रामसभेत, गोंडी-माडियातूनही, आधी समजावून सांगावा. आणि ग्रामीण रुग्णालयांतील रिक्त पदे भरावीत.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. चंद्रपूरला २०१५ साली व गडचिरोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. खरा मार्ग हाच आहे. विम्याचे कार्ड सरकार बदलले की बदलते. गावाजवळचा दवाखाना डॉक्टर-औषधांसह चालू असेल, तर कार्ड गेल्याने कोणी उपचाराविना राहणार नाही.