संप्रेरकांची रूपे आणि अहवालातील आकडा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे. तरी रुग्णालयाचा कारभार पाहताना वैद्यकातील काही गोष्टी समजून घेणे क्रमप्राप्त ठरते. वाढीचे संप्रेरक आणि दुग्धनिर्मितीस आवश्यक असलेले प्रोलॅक्टिन ही पियूषिका ग्रंथीतून स्रवणारी भावंडेच होत. मात्र दोन्ही रक्तात एकाच रूपात नसतात. वाढीच्या संप्रेरकाचे मुख्य रूप १९१ अमिनो आम्लांचे. १५ अमिनो आम्ले कमी असलेले दुसरे रूप १९७८ साली संशोधकांनी वर्णिले.

प्रोलॅक्टिन कधीकधी शरीरातील प्रतिपिंडाला जोडले जाऊन मोठे होते. त्याचा शरीरावरील परिणाम नगण्य असतो, परंतु अहवालात आकडा वाढलेला दिसतो. खतावणीतील बाकी मोठी दिसली, तरी ती सर्व खर्चास मोकळी नसते, तसेच हे. अशा आकड्याने केडगाव परिसरातील एखाद्या शेतमजूर भगिनीवर विनाकारण औषधांचा व एमआरआयचा भार पडू शकतो.

त्याच रक्तनमुन्यातील मोठे रूप पॉलिएथिलीन ग्लायकॉलने खाली बसवून उरलेले मोजले, की खरे चित्र स्पष्ट होते. यास्तव लक्षणे नसताना आकडा चढा आल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ही तपासणी आधी व्हावी आणि गरजू भगिनींसाठी तिचा खर्च आपल्या देणगीतून भागवावा, अशी आमची नम्र विनंती आहे. चालू औषध मात्र कोणीही स्वतःहून थांबवू नये.