अणुभट्टीची झीज



अणुशक्तीवर व्याख्यान आहे असे म्हटले की श्रोत्यांच्या मनात पहिल्याने हिरोशिमा उभे राहते. ते स्वाभाविक आहे. परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते स्फोटाविषयी नव्हे, झिजेविषयी. विजेसाठी बांधलेली अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटू शकत नाही. तिच्या इंधनाची घडणच तशी नसते. तिला जडणारे कित्येक रोग संथ असतात. नळ आतून पातळ होत जातो, धातू ठिसूळ होतो, एखाद्या सांध्यापाशी गंज धरतो. वर्षानुवर्षे बाहेरून काहीच दिसत नाही; आणि एके दिवशी आतले द्रव्य बाहेर येते.

धातूंची झीज हा एका शास्त्राचा विषय आणि हवापाण्याचे दूषण हा दुसऱ्या शास्त्राचा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. आमचे म्हणणे असे की ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. ते कसे, हे काही घडलेल्या उदाहरणांवरून पाहू.

जुन्या घरांतून जाते असे. नुकतीच टाकी लावलेल्या जात्यावर पहिले दळण दळले की भाकरीत कचकच लागे, म्हणून जाणत्या बायका ते पहिले पीठ बाजूला काढीत. जाते झिजते म्हणजे त्याचा दगड नाहीसा होत नाही. तो पिठात उतरतो. अणुभट्टीत नेमके हेच होते. तिच्यातील उष्णता वाहून नेणारे पाणी तीनशे अंश सेल्सिअसच्या जवळपास तापलेले असते व मोठ्या दाबाखाली नळांतून जोराने धावत असते. ते पाणी कितीही शुद्ध ठेवले तरी नळाच्या पोलादाचा अंशमात्र कण आपल्याबरोबर नेतेच. हा कण फिरत फिरत भट्टीच्या गाभ्यात जातो व इंधनाच्या कांड्यांवर काही काळ चिकटून राहतो. तेथे त्याच्यावर न्यूट्रॉनांचा वर्षाव होतो. पोलादात व झडपांच्या कठीण मिश्रधातूंत थोडा कोबाल्ट असतो. या साध्या कोबाल्टच्या अणूने एक न्यूट्रॉन गिळला की त्याचा कोबाल्ट-६० होतो. तो किरणोत्सर्गी असतो आणि त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून थोडे अधिक आहे. हा कण पुन्हा सुटतो आणि गाभ्याबाहेरच्या एखाद्या वळणात, पंपात, झडपेत जाऊन बसतो. पुढे जो कामगार ती झडप दुरुस्त करावयास जातो, त्याच्या अंगावर त्याचे गॅमा किरण पडतात.

हाच कोबाल्ट-६० इस्पितळांत कर्करोगावरील उपचारासाठी वापरला गेला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तेथे त्याची जागा नेमून दिलेली असते. नळाच्या वळणात बसलेल्या कणाची जागा कोणी नेमलेली नसते, ती शोधून काढावी लागते. म्हणून पाण्याची आम्लता किती ठेवावी, त्यातील प्राणवायू किती काढावा, कोबाल्ट टाळून झडपा कशाच्या कराव्यात, यांवर जगभर इतके संशोधन झाले आहे. गंज कमी करणे म्हणजे माणसाच्या अंगावर पडणारा किरणोत्सर्ग कमी करणे होय.

आता इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील विंडस्केलकडे वळू. तेथे प्लुटोनियम तयार करण्यासाठी १९५० व १९५१ या वर्षांत दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्या ग्राफाइटच्या रचल्या होत्या आणि पंख्यांच्या वाऱ्याने थंड ठेवल्या जात; तो वारा उंच धुराड्यांतून बाहेर सोडला जाई. न्यूट्रॉनांचा मारा बसला की ग्राफाइटातील कार्बनचे अणू आपापल्या जागेवरून ढकलले जातात. दाबून धरलेल्या कमानीत जोर कोंडावा तशी या ढळलेल्या अणूंत ऊर्जा साठत जाते. युजीन विग्नर या शास्त्रज्ञाने ही गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. कोंडलेली ऊर्जा अवचित मोकळी झाली तर धोका. म्हणून विंडस्केल येथे मधून मधून भट्टी मुद्दाम जरा अधिक तापवीत, म्हणजे अणू हळूहळू आपल्या जागी परत येत.

ऑक्टोबर १९५७ मध्ये असेच एक तापवणे चालू होते. उष्णतामापक बसवले होते ते रोजच्या कामात जेथे भट्टी सर्वांत तापते तेथे. या विशेष तापवण्यात ती दुसरीकडेच अधिक तापत होती. मापकांवरून वाटले की ऊर्जा पुरती मोकळी झालेली नाही. म्हणून ८ ऑक्टोबरला पुन्हा उष्णता दिली गेली. १० तारखेला धुराड्यातील किरणोत्सर्ग वाढलेला दिसला आणि भट्टीच्या तोंडाशी जाऊन पाहतात तो इंधनाच्या कांड्या लालबुंद झालेल्या. युरेनियम पेटले होते. ११ तारखेला सकाळी आत पाणी सोडले, पंख्यांचा वारा बंद केला, तेव्हा आग आटोक्यात आली.

या भट्ट्यांच्या धुराड्यांना माथ्यावर गाळण्या होत्या. जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी त्यांचा आग्रह धरला तेव्हा धुराड्यांचे बांधकाम चालू झालेले होते, म्हणून त्या वर बसवाव्या लागल्या. खर्च वाढला, आणि लोकांनी ‘कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा’ असे त्यांचे नाव ठेवले. आग लागली त्या दिवशी याच गाळण्यांनी पुष्कळसे कण अडवून धरले. परंतु आयोडीन-१३१ हा वायुरूपाने बराचसा निसटला. तो कुरणांवर उतरला. गायींनी गवत खाल्ले, आयोडीन दुधात आले. आणि दूध पिणाऱ्या मुलाच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीन वेचून साठवते. म्हणून सुमारे ५०० चौरस किलोमीटर मुलखातील दूध विकण्यास बंदी झाली. शेतकऱ्यांना भरपाई देऊन ते दूध ओतून टाकले. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे, त्यामुळे काही आठवड्यांत बंदी उठवता आली.

श्रोतेहो, या साखळीची कडी न कडी ध्यानात घ्या. ग्राफाइटातला अणू आपल्या जागेवरून हलला, येथून आरंभ झाला. आणि शेवट झाला तो गवळ्याच्या चरवीत. पहिले टोक पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात असते, दुसरे आपल्या स्वयंपाकघरात.

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे. दूध ओतले गेले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत, आणि त्याने मुलांचे रक्षण झाले. मात्र विल्यम पेनी यांच्या समितीने अपघाताची चौकशी करून जो अहवाल दिला, तो पंतप्रधान मॅकमिलन यांनी पुरता प्रसिद्ध होऊ दिला नाही. तो संपूर्ण स्वरूपात लोकांसमोर आला १९८८ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. दुधाच्या भरपाईने शेतकऱ्याचे नुकसान भरून निघाले. तीस वर्षे झाकून ठेवलेल्या कागदाने लोकांच्या विश्वासाचे जे नुकसान केले, ते कशाने भरून काढावयाचे?

ती भट्टी जुन्या काळची होती, असे कोणी म्हणेल. म्हणून अलीकडच्या दोन गोष्टी सांगतो. जपानातील मिहामा येथील तिसरी भट्टी १९७६ मध्ये सुरू झाली. तिच्या वाफेच्या बाजूला, जेथे किरणोत्सर्गी पाणी येतच नाही अशा भागात, एक मोठा नळ होता. प्रवाह मोजण्याच्या चकतीच्या पुढे पाण्यात भोवरे उठत व ते नळ आतून खरवडीत असत. सुरुवातीला १० मिलिमीटर जाड असलेली ही भिंत झिजत झिजत काही ठिकाणी दीड मिलिमीटरहूनही कमी उरली. ९ ऑगस्ट २००४ रोजी नळ फाटला. तापलेले पाणी व वाफ यांनी पाच कामगार मेले, सहा भाजले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, एवढेच सुदैव. अशा ठिकाणी झीज होते हे अभियंत्यांना ठाऊक नव्हते असे नाही. अमेरिकेतील सरी येथे १९८६ मध्ये असाच नळ फुटून चार माणसे दगावली होती. मिहामाचा हा नळ मात्र तपासणीच्या यादीतच नव्हता. अठ्ठावीस वर्षांत त्याची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी भट्टीची. तिच्या पोलादी पात्राचे झाकण सुमारे १६ सेंटीमीटर जाडीचे होते आणि त्याला आतून न गंजणाऱ्या पोलादाचे पातळ अस्तर होते. झाकणातील एका नळीला बारीक तडा गेला. त्यातून बोरिक आम्ल मिसळलेले पाणी वर्षानुवर्षे झिरपत राहिले आणि ते जाड पोलाद खात गेले. मार्च २००२ मध्ये दुरुस्ती चालू असता दिसले की एका ठिकाणी सर्व जाडी संपून सेंटीमीटरभराहूनही पातळ अस्तरावर सारा दाब तोलला गेला आहे. आपल्याकडे पातेले राहते आणि कल्हई उडते. येथे कल्हई शिल्लक होती आणि पातेले गेले होते! त्याआधी कितीतरी दिवस आतल्या हवेच्या गाळण्या गंजाच्या भुकटीने चोंदत होत्या. त्या पुनःपुन्हा बदलल्या गेल्या. ती भुकटी कोठून येते, याचा माग मात्र वेळेवर घेतला गेला नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. खानदेशातून वाहत जाणारी तापी पुढे गुजरातेत जाते. तेथे काकरापारला २२० मेगावॉटच्या दोन जड पाण्याच्या भट्ट्या आहेत. अशा प्रत्येक भट्टीत इंधन व तापलेले जड पाणी वाहणाऱ्या ३०६ नळ्या असतात. या झिरकोनियम व नायोबियम यांच्या मिश्रधातूच्या असतात. कारण झिरकोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या भट्टीतील एक नळी गळू लागली. भट्टी आपोआप बंद झाली. पुढे तपासणीत आढळले की गंजाचे बारीक चट्टे नळीच्या बाहेरच्या अंगाला पडले होते. तेथे पाणी नसते. कर्बद्विप्राणिद वायू असतो, आणि गळती झाल्यास तिचा ओलावा ओळखून सूचना मिळावी हे त्या वायूचे एक काम. पहारेकऱ्याच्या बाजूनेच चोर आला! दोन्ही भट्ट्यांच्या सर्व नळ्या बदलण्यात आल्या. दुसरी भट्टी २०१८ मध्ये व पहिली २०१९ मध्ये पुन्हा चालू झाली. झीज आपण जेथे पाहतो तेथेच होते असे नाही, हा यातला धडा.

आणि तारापूर? पालघर जिल्ह्यातील त्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. परंतु त्या पेटण्यापूर्वीच तेथील परिसराचे मोजमाप सुरू झाले होते. समुद्राचे पाणी, वाळू, मासळी, दूध, भाजीपाला यांचे नमुने घेऊन त्यांतील किरणोत्सर्ग मोजून ठेवला गेला. भट्टी नसताना मोजावयाचे काय, अशी शंका कोणाला येईल. पण त्या काळी मोठमोठ्या राष्ट्रांनी हवेत केलेल्या बॉम्बच्या चाचण्यांमुळे सीझियम-१३७ व स्ट्राँशियम-९० साऱ्या पृथ्वीवर पसरले होते. शिवाय माती, दगड व आकाश यांतून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वांच्याच वाट्याला येतो. जगाची त्याची सरासरी माणशी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट आहे. भट्टीमुळे शेजारच्या माणसाच्या वाट्याला त्यापलीकडे वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक येता कामा नये, असा आपल्याकडील नियम आहे. आधीचा आकडा जवळ नसेल तर पुढे मिळालेल्या आकड्यातला भट्टीचा वाटा किती, हे कसे ठरवणार? उद्या एखादा कोळी आपल्या जाळ्यातली मासळी घेऊन विचारू लागला की ही खावी की नाही, तर त्याला धीराचे शब्द नकोत, आकडा हवा. आणि तो आकडा कालपरवाचा नव्हे, पन्नास वर्षांच्या वहीतला हवा.

अणुवीज हवी की नको, हा वाद आज आम्ही मुद्दाम घेतलेला नाही. ज्याला ती हवी आहे आणि ज्याला ती नको आहे, अशा दोघांनाही विचारता येतील असे तीन प्रश्न तेवढे पुढे ठेवतो. पहिला: भट्टी येण्यापूर्वीचे परिसराचे मोजमाप आहे काय? दुसरा: आत झिजणाऱ्या प्रत्येक नळाचे नाव तपासणीच्या यादीत आहे काय, आणि जो यादीत नाही तो शोधण्याचे काम कोणावर सोपवले आहे? तिसरा: आलेले आकडे, चांगले असोत की वाईट, वेळेवर आणि सर्वसामान्य माणसाला समजतील अशा भाषेत प्रसिद्ध होतात काय?

हे प्रश्न विचारावयास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. गावाच्या नळाला गढूळ पाणी आले तर नगरपालिकेत जाऊन जाब विचारणारा नागरिक हेही विचारू शकतो. शास्त्रज्ञाला अशा प्रश्नांचा राग येऊ नये. मिहामाचा नळ कोणी विचारला नाही म्हणूनच अठ्ठावीस वर्षे यादीबाहेर राहिला.