कारखान्याचा धनी कोण?



अड्याळसारख्या गावी वसंत व्याख्यानमालेत कंपनीच्या संचालकांचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. पण २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळले आणि आठ कामगार प्राणास मुकले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात हा विषय पुस्तकातला राहिलेला नाही. त्या घटनेत दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. अशा वेळी कायदा कोणाकडे बोट दाखवितो, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

राईस मिलचा मालक एकटा असतो. पट्ट्याला जाळी नसल्यामुळे गड्याचा हात गेला, तर कोणाच्या दारात जायचे हे गावाला ठाऊक असते. कंपनीचे तसे नाही. ती कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. तिला नाव आहे, पैसा आहे, पण तुरुंगात घालावा असा देह नाही. मग खटला भरावा कोणावर?

१९४८ च्या कारखाने अधिनियमात यासाठी 'भोगवटादार' हा शब्द होता. कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अखेरचा ताबा, तो भोगवटादार. शब्द चांगला, पण कंपन्या ठराव करून एखाद्या पगारी अधिकाऱ्यालाच त्या जागी बसवीत. साहेब मुंबईत, आणि कोर्टाची पायरी चढायला मॅनेजर! डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला, हजारो माणसे मेली, तेव्हा कुठे डोळे उघडले. १९८७ साली कायदा दुरुस्त झाला, आणि कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार तिच्या संचालकांपैकीच एक असेल, असे ठरले. कंपन्या न्यायालयात गेल्या. १९९६ साली जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नोकराला भोगवटादार नेमता येणार नाही, संचालकच हवा.

आमच्या मते या निकालाचे मर्म तिजोरीत आहे. जुने यंत्र बदलायचे, धोक्याच्या खोलीत माणसे कमी ठेवायची, तर पैसा लागतो. मॅनेजर मागणी करू शकतो, मंजुरी संचालकांची. संचालकावर यात अन्याय झाला असेही नाही. आपण योग्य ती दक्षता घेतली आणि गुन्हा आपल्या नकळत दुसऱ्याने केला, हे सिद्ध करून सुटण्याची वाट त्याला कायद्यानेच ठेवली होती.

आता जवाहरनगरकडे वळू. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. कंपनी आली म्हणजे संचालक आले, असे आपण म्हणाल. पण सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या कारखान्यासाठी कायद्यात निराळे कलम आहे. तेथे कारभार पाहण्यास नेमलेला मनुष्यच भोगवटादार. १९९८ साली इंडियन ऑइलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम सरकारी कंपनीलाही लागू केले. म्हणजे खासगी कारखान्यात जी पळवाट बुजविली, ती सरकारी कारखान्यात राजमार्ग होऊन बसली. तिजोरीची किल्ली दिल्लीत वा पुण्यात, आणि जबाबदारी फाटकाच्या आत! आम्हांला हा भेद पटत नाही. बारूद काही मालक पाहून पेटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. तिनेही हा भेद कायम ठेवला, शिवाय स्वतंत्र संचालकांना भोगवटादाराच्या व्याख्येतून वगळले. कर्तव्यात कसूर होऊन कामगार मेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडातला निदान अर्धा भाग वारसांना द्यावा, असा आदेश न्यायालय देऊ शकते. हे कलम स्वागतार्ह आहे. पूर्वी दंड सरकारजमा होई आणि विधवेला वेगळी दारे ठोठवावी लागत. मात्र 'किंवा' या शब्दाकडे लक्ष असू द्या.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची मुले कारखान्यांत जातात. त्या कारखान्याचा भोगवटादार म्हणून कोणाचे नाव नोंदले आहे, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात.