विमा आणि ट्रॉलीतली माणसे

(तळेगाव (श्यामजी पंत) येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानावरून)



विमा हा एजंटाचा धंदा आहे, तो अभ्यासवर्गात कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु आपले हे गाव नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेले आहे. आर्वी आणि आष्टीकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात, आणि संत्र्या-कापसाच्या हंगामात या रस्त्यांवरून मालाबरोबर माणसेही वाहिली जातात. अपघात झाला की आपण मृताच्या घरी जातो, सांत्वन करतो, प्रसंगी रस्ताही अडवितो. पण त्या घराला कायद्याने किती पैसे मिळू शकतात आणि ते कोणाकडून, हे सांगू शकणारा कार्यकर्ता विरळाच.

विम्याचे मूळ तत्त्व आपल्याला परके नाही. गोठा जळाला की शेजारी बांबू आणि कडबा घेऊन येत, तोही एक विमाच होता. शंभर घरांनी थोडेथोडे द्यावे आणि ज्या घरावर आपत्ती कोसळेल त्याला उभे करावे, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न उरतो तो हा निधी कोणाच्या हाती असावा याचा. जानेवारी १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि २४५ संस्था एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले. पुढच्याच वर्षी फिरोज गांधींनी लोकसभेत मुंदडा प्रकरण मांडले, न्या. छागला यांची चौकशी झाली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. मालकी सरकारची झाली म्हणजे लेखाजोखा आपोआप लोकांपुढे येतो असे नाही, हे तेव्हाच दिसले होते. सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्या १९७३ मध्ये चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले आणि २०२१ मध्ये परकी भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेण्यात आली. यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण आज मला आपल्या दारातल्या गाडीविषयी बोलावयाचे आहे.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. पुष्कळांना वाटते की सक्तीचा हप्ता म्हणजे पोलिसांना दाखविण्याची पावती. वस्तुतः हा हप्ता आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी भरीत असतो, आणि त्याचे दर बाजार ठरवीत नाही, सरकार ठरविते. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी तो वर्षाला ७१४ रुपये होता. तेवढ्यासाठी विमा चुकविणाऱ्याच्या हातून माणूस दगावला तर भरपाईसाठी त्याचे शेत जप्तीला येऊ शकते. लायसन नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली असेल, तर कंपनी मृताच्या वारसांना पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते.

आता जेथे हा विमा पुरा पडत नाही ती जागा पाहू. निव्वळ सक्तीची पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाला तिचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे. मागे बसते ती बहुधा आपलीच बायको किंवा बहीण! त्याहून गंभीर गोष्ट मालवाहू गाड्यांची. डिसेंबर २००२ च्या निकालानुसार मालवाहू वाहनातून नुसता प्रवास करणाऱ्यांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर गोष्ट वेगळी. ट्रॅक्टरचा विमा म्हणजे ट्रॉलीचा विमा नव्हे, ट्रॉलीचा हप्ता निराळा भरावा लागतो. पण तो भरला तरी ट्रॉलीत बसलेल्या वीस बाया प्रवासी म्हणून विम्यात येत नाहीत. ट्रॉली उलटली तर भरपाईचा बोजा मालकावर पडतो, आणि मालक चार एकरांचा शेतकरी असला तर हुकूमनामा कागदावरच राहतो. दोन गरीब एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहतात. निंदणीला जाणाऱ्या मजुरांना ट्रॉलीखेरीज दुसरे वाहन नाही, हे ठाऊक असूनही कायद्याने त्यांना बाहेर ठेवले आहे. आपल्या पक्षाने हा प्रश्न विधानसभेत नेला पाहिजे.

व्यक्तीच्या विम्यातही हीच भेग दिसते. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातील एक व्यक्ती यांच्या अपघाती मृत्यूला राज्य सरकार गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख रुपये देते. दावे अडवून धरण्याच्या कंपन्यांच्या वृत्तीला कंटाळून सरकारने २०२३ मध्ये त्यांना वगळले आणि अनुदान थेट देण्यास आरंभ केला, ही लक्षात ठेवण्याजोगी घटना आहे. पण भूमिहीनाचा सातबाराच नाही. त्याच्यासाठी बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा दोन लाखांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, आणि मेअखेरीस खात्यात २० रुपये नसतील तर तोही खंडित होतो. मे महिन्यात मजुराच्या खात्यात काय असते ते आपण जाणताच.

घराच्या विम्याविषयी थोडक्यात. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांपासून तिचे संरक्षण मिळते. साध्या घरफोडीचे मिळत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. रक्कम लिहिताना जागेची किंमत धरू नये, घर पुन्हा बांधण्याचा खर्च धरावा. जमीन जळत नाही.

शेवटी कामाच्या गोष्टी, वहीत लिहून घ्याव्यात अशा. ठोकर मारून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस दोन लाख आणि गंभीर जखमेस पन्नास हजार मिळतात. अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात द्यावा. गाडी सापडली असेल तर पोलिसांकडून विम्याच्या कागदाची प्रत पहिल्याच आठवड्यात मागावी. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. अपघात कोठेही झालेला असो, तो आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे वर्ध्यालाही, दाखल करता येतो. स्वतःच्या पॉलिसीचा दावा कंपनीने फेटाळला, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करावी. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.