डोंगर कुणाचा, पाणी कुणाचं?
(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पर्यावरणतज्ज्ञ नाही. पण माझं मूळ गाव कोकणातलं, आणि तुमच्यापैकी अर्ध्या जणांची घरं मुंब्रा, कौसा, कुर्ल्यात असली तरी सातबारा कोकणातलाच आहे. म्हणून आज खाणींबद्दल बोलायचं ठरवलं.

आधी ओडिशातली एक गोष्ट सांगतो. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांत नियमगिरी नावाचा डोंगर आहे. तिथे डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट आहे, सुमारे 7 कोटी टन. त्यापासून अॅल्युमिनियम बनतं. पायथ्याला लांजिगढला वेदांत कंपनीचा कारखाना आधीच उभा राहिला होता. फक्त डोंगर फोडायचा बाकी होता.

लोकांनी विरोध केला. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं वनपरवानगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 18 एप्रिल 2013 रोजी न्यायालयानं सांगितलं, की आधी ग्रामसभांना विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये 12 वाड्या-वस्त्यांच्या सभा झाल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. 12 च्या 12 सभांनी 'नाही' म्हटलं. जानेवारी 2014 मध्ये मंत्रालयानं प्रकल्प कायमचा नाकारला.

या निकालातली एक गोष्ट आपण नीट समजून घ्यायला हवी. कोंध लोक डोंगराला नियमराजा मानतात. न्यायालयानं वनहक्क कायद्याबरोबर संविधानाच्या कलम 25 आणि 26 चा आधार घेतला. ही कलमं आपल्याला तोंडपाठ आहेत. मशीद, मदरसा, दर्गा यांचा विषय निघाला की आपण तीच सांगतो. त्याच कलमांनी एका आदिवासी समाजाचा डोंगर वाचवायला मदत केली. म्हणून "हा आदिवासींचा प्रश्न, आपले प्रश्न वेगळे" असं कुणी म्हणालं, तर मला ते पटत नाही. हक्क एकाचा राखला गेला तर दुसऱ्याचाही भक्कम होतो.

आता पाण्याकडे येऊ. आपल्या कोकणात गावाच्या वर सडा असतो. लांबून तो उजाड कातळ दिसतो आणि सरकारी कागदावर 'पडीक' लिहिला जातो. पण हा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि उतारावर झऱ्यांतून बाहेर येतं. तेच पुढे विहिरीत, पऱ्यात, वहाळात जातं. गावाची पाण्याची टाकी म्हणजे तो सडा. बॉक्साइट याच जांभ्याच्या थरांत सापडतं. खाण म्हणजे टाकीच काढून नेणं. माझ्या कामात एखादा बदल बिघडला तर जुनं व्हर्जन परत आणता येतं. डोंगराला ती सोय नाही. खड्डा बुजवून वर झाडं लावली तरी तो थर परत बनत नाही.

लोहखनिजाचं तेच. गोव्यात शहा आयोगाच्या अहवालानंतर 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्टे रद्द केले. सिंधुदुर्गात कळणे गावात जुलै 2021 मध्ये खाणीतलं चिखलपाणी फुटून शेती-बागायतीत घुसलं. माती वाहताना हे शेत कुणाचं, मराठ्याचं की मुसलमानाचं, असं विचारत नाही.

कुणी म्हणेल, रोजगाराचं काय? प्रश्न रास्त आहे. मीही अॅल्युमिनियमचा लॅपटॉप वापरतो, खनिज नकोच असं म्हणणार नाही. पण हिशेब पूर्ण मांडा. खाण काही वर्षं चालते, तिथलं बरंचसं काम यंत्रं करतात. आंबा, काजू, भातशेती पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि तिला झरा लागतो. टनामागच्या भावात त्या झऱ्याची किंमत कुठेच धरलेली नसते.

नियमगिरीत जंगल होतं, म्हणून वनहक्क कायदा कामी आला. कोकणात बरीचशी जमीन खाजगी आहे. तिथे ते हत्यार चालेलच असं नाही. मग आपल्या हातात काय?

पहिलं म्हणजे सही. आपले सातबारे सामायिक असतात. एका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातले काही मुंबईत, काही आखातात. दलाल एकेकाला गाठतो आणि "बाकी सगळ्यांनी दिली" सांगतो. लक्षात ठेवा, एका हिस्सेदाराला फक्त आपला हिस्सा विकता येतो, सगळ्यांची जमीन नाही. आधी चाचा, मामू, चुलतभावांना फोन करा. घरातल्या बहिणी आणि फुफूंची नावंही उताऱ्यावर आहेत, त्यांनाही विचारा.

दुसरं, जनसुनावणी. मोठ्या खाणीसाठी 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. लेखी हरकत पाठवता येते. म्हणजे दुबईत बसलेला भाऊसुद्धा हरकत घेऊ शकतो.

तिसरं काम तुमच्या शिक्षणाचं. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल गावातली खाला वाचणार नाही. तुम्ही वाचा. त्यात गावातले किती झरे दाखवलेत आणि प्रत्यक्षात किती आहेत, ते मोजा. मे महिन्यात सुट्टीला गेलात की विहिरीची पातळी दोरीनं मोजा, तारीख लिहा, फोटो काढा. दरवर्षी करा. सुनावणीत भावनेपेक्षा ही वही जास्त बोलते.

आणि हे काम एकट्या मोहल्ल्याचं नाही. झरा वरच्या वाडीत, विहीर खालच्या मोहल्ल्यात. दोन्हीकडच्यांनी एकत्र ग्रामसभेत बसल्याशिवाय सडा वाचणार नाही. पुढची ग्रामसभा कधी आहे, एवढं आज रात्री गावी फोन करून विचारा.