आईमागे उरलेला पैलवान

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि चहा होईपर्यंत गटातल्या एका ताईच्या मुलाने मोबाइलवर बॉक्सिंगची जुनी लढत लावली. त्याला तालुक्याला बॉक्सिंग शिकायचंय, म्हणून आईला पटवायला आणली होती. आधी आम्ही तोंडं फिरवली. मग सगळ्याच बघत बसलो.

लढत 11 फेब्रुवारी 1990ची, जपानमधल्या टोकियोची. एका बाजूला जगज्जेता माइक टायसन, 37 लढतींत एकदाही न हरलेला. समोर अमेरिकेतल्या कोलंबस शहरचा जेम्स डग्लस, टोपणनाव बस्टर. तो जिंकला तर एका डॉलरला 42 डॉलर, असा भाव एका सट्टेवाल्याने लावला होता. म्हणजे त्याला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं.

बस्टरचे वडीलही बॉक्सर. पोरगा उंचापुरा, लांब हाताचा, एवढ्या थोराड अंगाला न शोभणारा चपळ. पण गुण आहेत आणि मेहनतीचा कंटाळा, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. 1987 साली जगज्जेतेपदाची एक लढत चांगली चालली होती, दहाव्या फेरीत ती त्याने घालवली.

टोकियोच्या 23 दिवस आधी त्याची आई गेली. माझा मुलगा टायसनला हरवणार, असं ती माऊली भेटेल त्याला सांगायची. दुसरा कुणी घरी बसला असता. हा गेला. आठव्या फेरीत टायसनच्या ठोशाने आडवा झाला, आकडे मोजून संपता संपता उठला. आणि दहाव्या फेरीत टायसन खाली! गुडघ्यांवर रांगत, तोंडातून पडलेलं दातांचं कवच चाचपडत होता. हे कसं जमलं, असं विचारल्यावर बस्टर आईचं नाव घेऊन रडला. आमच्या ओसरीवर दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावला.

पुढचं मी घरी येऊन वाचलं. जिंकल्यावर आधी निकालावरून वाद, मग कोर्टकचेरी. आठ महिन्यांनी, 25 ऑक्टोबरला, इव्हँडर होलीफिल्डशी लढत. टोकियोत 105 किलो असलेला बस्टर 111 किलोच्या वर गेलेला. तिसऱ्याच फेरीत खाली पडला, तो उठला नाही. त्या लढतीचे त्याला दोन कोटी डॉलरच्या वर मिळाले. मग त्याने खेळ सोडला, वजन 180 किलोच्या घरात गेलं, आणि 1994 मध्ये मधुमेहाने तो बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडला.

हे पुढच्या बैठकीत सांगितल्यावर एक काकू म्हणाल्या, "वाया गेला बघ. आयतं मिळालेलं राखता आलं नाही."

मला हे अर्धंच पटतं. एवढे पैसे घेऊन तयारीविना रिंगणात उतरला, ही चूक त्याचीच. पण आयतं काय मिळालं होतं? आईच्या दुःखाला त्याने 23 दिवसही दिले नाहीत, सगळं त्या एका रात्रीत ओतलं. नंतर पैसा होता, वकील होते. ज्या बाईला जिंकून दाखवायचं, ती नव्हती. हा माझा अंदाज आहे, चुकतही असेल.

अंदाज का केला, तेही सांगते. आमच्या गटातल्या एका बहिणीचा नवरा गेला. तेराव्याच्या आधी तिने हप्ता पाठवला, महिन्याभरात शिवणयंत्र सुरू केलं. मी तिचं उदाहरण चार गावांत सांगितलं. सहा महिन्यांनी तिने यंत्रावर कापड टाकलं आणि बैठकीला यायची थांबली. वहीत मी शेरा लिहिला, 'सभासद अनियमित'. चांगली करत होती, आता आळसावली, असं मीच म्हणाले. तिच्या दारात जायला मला दोन महिने लागले. ती काही बोलली नाही, फक्त रडली. यंत्र अजून झाकलेलंच आहे, पण बैठकीला येते.

बस्टरही सावरला. वजन उतरवून 1996 मध्ये परतला, काही लढती जिंकला, 1999 मध्ये थांबला. जगज्जेता पुन्हा झाला नाही. पुढे तो कोलंबसमध्येच मुलांना बॉक्सिंग शिकवू लागला.

त्या मुलाच्या आईने अजून होकार दिलेला नाही. येत्या मंगळवारी उपकेंद्रात रक्तातली साखर तपासणार आहेत. सकाळी उपाशीपोटी या, आणि घरात बसून राहिलेली एखादी असेल तर तिलाही हाक मारून आणा.